उदयोन्मुख देशात घर किंवा जमीन घेताना घ्यायची कायदेशीर खबरदारी

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. एका उदयोन्मुख देशात समुद्रकिनाऱ्यालगत बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात घर घ्यायचे आहे. तिथे परदेशी व्यक्तीच्या नावावर जमीन होत नाही, पण स्थानिक माणसाच्या किंवा त्यासाठीच काढलेल्या कंपनीच्या नावाने व्यवहार करता येतो, असे दलालाने सांगितले आहे. वकीलही त्यानेच सुचवला आहे आणि आठवड्याभरात तीस टक्के रक्कम भरली तरच हा भाव मिळेल, अशी अट आहे. अशा वेळी कायद्याच्या दृष्टीने काय काय तपासावे?

देशाचे नाव प्रश्नात नाही, त्यामुळे निरनिराळ्या देशांच्या कायद्यांतले दाखले घेऊन उत्तर देतो. अशा व्यवहारांचे कागद तपासणे हे माझे रोजचे काम आहे आणि त्यावरून एक गोष्ट ठामपणे सांगता येते. लबाड विक्रेत्यामुळे पैसे बुडतात हे खरेच, पण त्याहून अवघड प्रकरणे वेगळी असतात. विक्रेता खरा असतो, जमीन खरी असते, कागदही खरे असतात. मात्र जो हक्क विकत घेतला असे खरेदीदार समजतो, तो हक्क त्या देशाचा कायदा परदेशी माणसाला देतच नाही. कायद्याने न दिलेला हक्क करारनाम्याने मिळत नाही, मग तो करारनामा कितीही पानांचा असो. म्हणून भाव, परतावा, समुद्राचे दर्शन या सगळ्याच्या आधी विचारायचा प्रश्न हा की, या देशात, या जागेवर, माझ्या स्वतःच्या नावाने नेमका कोणता हक्क नोंदवला जाऊ शकतो.

याचे उत्तर देशागणिक बदलते, आणि ते 'घेता येते' किंवा 'घेता येत नाही' इतके सरळ क्वचितच असते. फिलिपिन्सच्या १९८७ च्या राज्यघटनेनुसार परदेशी व्यक्तीला, वारसाहक्काचा अपवाद सोडता, खासगी जमीन घेता येत नाही. पण कॉन्डोमिनियममधल्या, म्हणजे स्वतंत्र मालकीच्या सदनिकांच्या इमारतीतल्या, सदनिकेचे मालक होता येते, फक्त त्या प्रकल्पातला परदेशी हिस्सा ४० टक्क्यांच्या पुढे जाता कामा नये. थायलंडमध्ये ही मर्यादा इमारतीतल्या सदनिकांच्या एकूण क्षेत्रफळाच्या ४९ टक्के आहे. व्हिएतनाममध्ये एका इमारतीतल्या ३० टक्क्यांपर्यंतच्या सदनिका परदेशी लोकांना घेता येतात आणि त्यांचा हक्क सर्वसाधारणपणे ५० वर्षांचा असतो. केनियाच्या २०१० च्या राज्यघटनेने परदेशी व्यक्तीला ९९ वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा हक्क मिळणार नाही असे ठरवले आहे, तर घानाच्या १९९२ च्या राज्यघटनेने ही मुदत ५० वर्षांवर आणली आहे. तुर्कस्तानात अनेक देशांच्या नागरिकांना पूर्ण मालकी मिळते, पण एका व्यक्तीला देशभरात मिळून ३० हेक्टरपर्यंतच, आणि एखाद्या जिल्ह्यातल्या खासगी मालकीच्या क्षेत्रापैकी १० टक्क्यांपेक्षा जास्त क्षेत्र परदेशी लोकांच्या हाती गेले असेल तर तिथे नवीन नोंद होत नाही. कंबोडियात २०१० च्या कायद्याने सदनिका घेता येते, मात्र तळमजला आणि तळघर वगळून.

यातून लक्षात येईल की बंधन जमिनीवर असू शकते, कोट्यावर असू शकते, मुदतीवर किंवा ठिकाणावरही असू शकते. कोट्याचे बंधन सर्वांत फसवे, कारण ते इमारतीगणिक बदलते आणि दर महिन्याला हलते. कालपर्यंत ४७ टक्के असलेला परदेशी हिस्सा चार विक्रींनंतर भरून गेलेला असतो. त्यामुळे 'या इमारतीत परदेशी लोक घेतात' हे वाक्य पुरेसे नाही. इमारतीच्या व्यवस्थापन मंडळाकडून, त्या विशिष्ट सदनिकेचा क्रमांक घालून, ती परदेशी कोट्यात नोंदवता येते असे ताज्या तारखेचे लेखी प्रमाणपत्र घ्यावे आणि ते मिळेपर्यंत विसार देऊ नये.

आता दलालाने सुचवलेल्या मार्गाबद्दल बोलतो, कारण सर्वाधिक धोका तिथे आहे. स्थानिक माणसाच्या नावाने घेणे म्हणजे बेनामी व्यवहार. त्याला 'नॉमिनी रचना' असे भारदस्त नाव दिले म्हणून त्याचे स्वरूप बदलत नाही. इंडोनेशियाचे उदाहरण घ्या. तिथल्या १९६० च्या मूलभूत जमीन कायद्याच्या कलम २६ मध्ये सांगितले आहे की, पूर्ण मालकीची जमीन प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे परदेशी माणसाकडे जाईल असा कोणताही व्यवहार मुळातच रद्दबातल असतो, जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. तिन्ही परिणाम एकाच कलमात लिहिलेले आहेत. फिलिपिन्सच्या सर्वोच्च न्यायालयासमोर २००३ मध्ये आलेल्या एका खटल्यात एका ऑस्ट्रेलियन गृहस्थाने स्वतःच्या पैशांनी, पण आपल्या स्थानिक जोडीदार स्त्रीच्या नावावर मालमत्ता घेतल्या होत्या. पैसे त्याचे होते याबद्दल फारसा वाद नव्हता. तरीही न्यायालयाने त्याला मालमत्ताही दिली नाही आणि पैसेही मिळवून दिले नाहीत, कारण घटनेने मनाई केलेला व्यवहार त्याने जाणूनबुजून केला होता आणि अशा माणसाच्या मदतीला न्यायालय येत नाही.

बेनामी व्यवहार सुचवणारे वकील सहसा सोबत 'संरक्षक कागद' देतात, आणि हे कागद मी मुद्दाम थोडे जवळून दाखवू इच्छितो. फाइलमध्ये साधारणपणे एक कर्जाचा करार असतो, ज्यात स्थानिक मालकाने खरेदीदाराकडून जमिनीच्या किमतीएवढे कर्ज घेतल्याचे दाखवलेले असते. त्याच जमिनीवर त्या कर्जापोटी गहाणखत असते. पुढे कधीही रद्द न होणारे मुखत्यारपत्र असते, ज्याने जमीन विकण्याचे सर्व अधिकार खरेदीदाराला दिलेले असतात. शेवटी एक निवेदन असते, ज्यात स्थानिक मालक कबूल करतो की खरा मालक मी नाही. कंपनीची रचना असेल तर स्थानिक भागधारकांच्या सह्या केलेले, तारीख न घातलेले समभाग हस्तांतरणाचे अर्ज असतात. हे सगळे कागद एकत्र वाचले की कोणत्याही न्यायाधीशाला एकच निष्कर्ष काढता येतो, तो म्हणजे कायद्याने केलेली मनाई चुकवण्यासाठी हा व्यवहार रचला गेला. खरेदीदार ज्या फाइलला आपली ढाल समजतो, तीच त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरते. थायलंडमध्ये परदेशी माणसासाठी नावापुरते भागधारक होणे हा १९९९ च्या परदेशी व्यवसाय कायद्याखाली गुन्हा आहे आणि फिलिपिन्समध्ये अशा व्यवहारांविरुद्धचा कायदा १९३६ पासून अस्तित्वात आहे.

समजा तो स्थानिक माणूस अत्यंत प्रामाणिक आहे. तरीही त्याच्यावर कर्ज होऊ शकते आणि त्याचे धनको त्या जमिनीवर जप्ती आणू शकतात. त्याचा घटस्फोट होऊ शकतो, तो मरण पावू शकतो, आणि त्याच्या वारसांनी तर तुम्हाला कोणतेही वचन दिलेले नसते. त्यामुळे 'माणूस ओळखीचा आहे' या कारणाने हा मार्ग सुरक्षित होत नाही. प्रश्नकर्त्याला माझा स्पष्ट सल्ला आहे की दलालाने सांगितलेला हा भाग पूर्णपणे नाकारावा, आणि विक्रेत्याला त्याखेरीज दुसरा मार्ग मान्य नसेल तर व्यवहार तिथेच सोडावा.

याचा अर्थ परदेशी माणसाला कोणताच मार्ग नाही असा नाही. कायद्याने स्वतःच दिलेले मार्ग आहेत आणि बेनामी व्यवहाराशी त्यांची गल्लत करू नये. मेक्सिकोत सीमेपासून १०० किलोमीटर आणि किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या पट्ट्यात परदेशी व्यक्तीला जमिनीची थेट मालकी मिळत नाही. पण परवानाधारक बँकेकडे जमिनीचे नाव ठेवून सर्व उपभोगाचे, विक्रीचे आणि वारसाचे हक्क आपल्याकडे ठेवणारा ट्रस्ट तिथल्या कायद्यानेच मान्य केला आहे. त्याला फिदेइकोमिसो म्हणतात, त्याची मुदत ५० वर्षांची असते आणि ती वाढवून मिळते. त्यासाठी परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना लागतो. इथे बँक नावापुरती मालक आहे हे सरकारला माहीत आहे आणि मान्य आहे. बेनामी व्यवहारात नेमके तेच लपवलेले असते. इंडोनेशियातही तिथे राहण्याचा परवाना असलेल्या परदेशी व्यक्तीला 'हाक पाकाई' म्हणजे वापराचा नोंदणीकृत हक्क घेता येतो. २०२१ च्या नियमांनुसार त्याची मुदत ३० वर्षे, वाढ २० वर्षे आणि नूतनीकरण ३० वर्षे अशी आहे.

दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा हा आणखी एक वैध मार्ग, पण त्यातले आकडे नीट वाचावे लागतात. थायलंडच्या नागरी कायद्यानुसार घराचा किंवा जमिनीचा भाडेपट्टा जास्तीत जास्त ३० वर्षांचा असतो आणि तीन वर्षांपेक्षा मोठा भाडेपट्टा जमीन कार्यालयात नोंदवला नाही तर तो तीन वर्षांपुरताच बजावता येतो. असे असूनही ३०, पुन्हा ३० आणि पुन्हा ३० अशा एकूण ९० वर्षांच्या जाहिराती सर्रास दिसतात. पहिली ३० वर्षे हा नोंदणीकृत हक्क असतो. पुढची ६० हे जमीनमालकाने दिलेले वचन असते, आणि त्याने जमीन दुसऱ्याला विकली तर नव्या मालकाला ते वचन बांधून ठेवेल यावर विसंबता येत नाही. इंडोनेशियातली वाढ कायद्याच्या नियमातून येते, थायलंडमधली वाढ एका माणसाच्या शब्दातून येते. दोन्ही कागदांवर आकडे सारखे दिसले तरी वजन वेगळे आहे. किंमत ठरवताना फक्त नोंदणीकृत वर्षेच मोजावीत, असे मी नेहमी सांगतो.

हक्काचा प्रकार ठरला की टायटलकडे, म्हणजे विक्रेत्याच्या मालकीच्या पुराव्याकडे, वळायचे. इथे पहिला नियम असा की विक्रेत्याने दाखवलेल्या उताऱ्यावर विसंबू नये, मग तो शिक्क्यांनी भरलेला का असेना. आपल्या वकिलाने स्वतः नोंदणी कार्यालयात जाऊन प्रमाणित उतारा काढावा आणि विक्रेत्याच्या प्रतीशी शब्दन् शब्द ताडून पाहावा. थायलंडमधला सर्वांत भक्कम मालकीहक्काचा दस्त म्हणजे चानोट. त्यावर लाल गरुडाचे चिन्ह असते, मोजणीच्या खुणांसह नकाशा असतो आणि मागच्या बाजूला आजवरचे सर्व नोंदणीकृत व्यवहार क्रमाने लिहिलेले असतात. तारखा बौद्ध शकात असतात, म्हणजे २५६७ हे वर्ष २०२४ असते. खरी माहिती बहुधा मागच्या बाजूला मिळते: जुने गहाण उतरले आहे का, वहिवाटीचा हक्क कोणाला दिला आहे का, गेल्या काही वर्षांत जमीन किती वेळा हातोहात फिरली. हिरव्या किंवा काळ्या गरुडाचे दस्त हे कमी दर्जाच्या हक्काचे असतात आणि त्यांच्या हद्दी तितक्या पक्क्या नसतात. जमीन सुधारणा योजनेत शेतकऱ्याला कसण्यासाठी दिलेली जमीन तर बाहेरच्या माणसाला विकताच येत नाही, तरी ती विकायला काढलेली आढळते.

प्रत्येक देशात असा एखादा 'कच्चा' हक्क असतो आणि तोच बाहेरच्या माणसाला स्वस्तात विकला जातो. कंबोडियात ख्मेर रूज राजवटीत जमिनीचे दप्तर नष्ट झाले. आजही तिथे राष्ट्रीय पातळीवर नोंदलेले हार्ड टायटल आणि स्थानिक कार्यालयाच्या कागदांवर आधारलेले सॉफ्ट टायटल असे दोन प्रकार चालतात, आणि दुसऱ्यावर परदेशी माणसाने पैसे लावू नयेत. मेक्सिकोत एहिदो ही गावसमूहाला दिलेली जमीन असते. १९९२ च्या सुधारणांनंतर ती ठरावीक प्रक्रियेने खासगी मालकीची करता येते, पण ती प्रक्रिया पूर्ण होऊन खासगी मालकीची नोंद झाली नसेल तर विकणाऱ्याजवळ परदेशी माणसाला विकण्यासारखे काहीच नसते. 'प्रक्रिया चालू आहे, सहा महिन्यांत होईल' हे आश्वासन अनेक किनारी गावांत ऐकू येते. इजिप्तमध्ये असंख्य घरे नोंदणीशिवायच हस्तांतरित होतात आणि खरेदीदार न्यायालयातून 'करारावरची सही खरी आहे' एवढाच निकाल घेऊन समाधान मानतात. तो निकाल सहीपुरता असतो, विकणारा मालक होता की नाही याबद्दल तो काहीच सांगत नाही. घानात पारंपरिक गादीची, म्हणजे समाजाच्या वतीने मुखियाकडे असलेली, जमीन असेल तर एकट्या मुखियाची सही पुरत नाही, भूमी आयोगाची संमती लागते. नायजेरियात १९७८ च्या भूवापर कायद्याखाली हस्तांतराला राज्यपालाची संमती आवश्यक असते. त्याच नायजेरियात अनेक घरांच्या भिंतींवर मोठ्या अक्षरांत 'हे घर विकाऊ नाही' असे रंगवलेले असते, कारण मालक गावाबाहेर असताना भलताच माणूस ते विकून मोकळा होतो. स्थानिक लोकांनाच जिथे हे करावे लागते, तिथे बाहेरच्या माणसाने किती सावध असावे याची कल्पना यावी.

म्हणून कागदांबरोबर जागाही तपासावी लागते. सरकारी किंवा परवानाधारक मोजणीदाराकडून हद्द कायम करून घ्यावी, रस्ता सार्वजनिक आहे की शेजाऱ्याच्या जमिनीतून जातो ते पाहावे, प्रत्यक्ष ताबा कोणाकडे आहे हे शेजाऱ्यांना विचारावे, आणि किनारा, जंगल, पुरातत्त्व किंवा लष्करी क्षेत्राची बंधने लागू आहेत का याचा दाखला घ्यावा. विक्रेत्याच्या पती किंवा पत्नीची संमती आणि सर्व वारसांच्या सह्या हा मुद्दाही इथेच येतो. अनेक देशांत वैवाहिक मालमत्ता एकट्याला विकता येत नाही. विक्रेता कंपनी असेल तर संचालक मंडळाचा ठराव आणि सही करणाऱ्याचा अधिकार तपासावा. न्यायालयात दावा प्रलंबित आहे का याचा स्वतंत्र शोध घ्यावा, कारण तो नोंदणीच्या उताऱ्यावर दिसेलच असे नाही.

ज्या भागाच्या सार्वभौमत्वाबद्दलच वाद आहे, तिथे टायटल तपासून उपयोग नसतो, कारण ते देणाऱ्या कार्यालयालाच इतर देश मानत नाहीत. १९७४ पासून तुर्की लष्कराच्या ताब्यात असलेल्या उत्तर सायप्रसमध्ये एका ब्रिटिश जोडप्याने घेतलेल्या जागेचा मूळ मालक १९७४ मध्ये विस्थापित झालेला ग्रीक सायप्रियट होता. त्याने सायप्रसच्या न्यायालयातून निकाल मिळवला. युरोपीय न्यायालयाने २००९ मध्ये तो निकाल युरोपीय संघाच्या इतर सदस्य देशांतही बजावता येईल असे सांगितले आणि २०१० मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने तो मान्य केला. म्हणजे सायप्रसमधल्या खरेदीमुळे त्या जोडप्याची इंग्लंडमधली मालमत्ता धोक्यात आली. एखाद्या भागात शेजारच्या प्रदेशापेक्षा भाव निम्मे का आहेत, याचे उत्तर इतिहासात सापडते का ते आधी पाहावे.

बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात तपासणी दुप्पट करावी लागते, कारण तिथे घर अजून अस्तित्वात नसते आणि खरेदीदार प्रत्यक्षात बांधकाम कंपनीला बिनतारण पैसे देत असतो. जमीन कंपनीच्याच नावावर आहे का, त्यावर बँकेचे गहाण आहे का, असेल तर आपली सदनिका त्या बोजातून मुक्त करण्याचे बँकेचे लेखी पत्र मिळते का, बांधकाम परवाना याच आराखड्याचा आणि इतक्याच मजल्यांचा आहे का, हे प्रश्न पैसे देण्याआधीचे आहेत. फिलिपिन्समध्ये प्रकल्पाची नोंदणी आणि 'विक्रीचा परवाना' हे दोन वेगळे दस्त असतात. दुसरा नसताना विक्री करणे बेकायदेशीर आहे. दुबईत २००७ च्या कायद्याने खरेदीदारांचे पैसे प्रकल्पाच्या स्वतंत्र एस्क्रो खात्यातच (ठरलेल्या अटी पूर्ण झाल्यावरच रक्कम सुटते असे तिऱ्हाइताकडचे खाते) भरावे लागतात, आणि २००८ च्या कायद्यानुसार बांधकामाधीन सदनिकेची विक्री अंतरिम नोंदवहीत नोंदवली नाही तर ती अवैध असते. पैसे भरताना खात्याचे नाव आणि क्रमांक नियामकाकडच्या प्रकल्पनोंदीशी जुळतात का, ते पाहायला दहा मिनिटे पुरतात. जिथे एस्क्रोचा कायदाच नाही, तिथे हप्ते तारखेनुसार न ठेवता बांधकामाच्या टप्प्यांनुसार ठेवावेत, टप्पा पूर्ण झाल्याचा दाखला स्वतंत्र अभियंत्याने द्यावा, आणि परताव्यासाठी बँक हमी मागावी. प्रश्नकर्त्याला आठवड्यात मागितलेली तीस टक्के रक्कम यांपैकी कशाशी जोडलेली आहे, हे त्याने लेखी विचारावे.

ताबा मिळाला म्हणजे काम संपले असेही नाही. तुर्कस्तानात इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे तिथल्या भाषेत इस्कान, नसेल तर ती आराखड्याप्रमाणे बांधली गेल्याचा दाखलाच नसतो. आणि भूकंपप्रवण देशात ही बाब केवळ कागदोपत्री नसते. तुर्कस्तानात मालकी बदलते ती जमीन नोंदवहीत नोंद झाल्यावरच. साध्या कागदावर सह्या करून केलेला विक्रीचा करार मालकी तर देत नाहीच, पण नोटरीकडे विधिवत केलेला नसेल तर विक्रीचे वचन म्हणूनही टिकत नाही.

वकिलाबाबत माझे मत कडक आहे. दलालाने, विक्रेत्याने किंवा बांधकाम कंपनीने सुचवलेला वकील नेमू नये. तो अप्रामाणिकच असतो असे नाही, पण त्याचे पुढचे काम त्या दलालाकडून येणार असते, आणि 'हा व्यवहार करू नका' असे सांगणे त्याला जड जाते. वकील त्या देशाच्या बार संघटनेच्या यादीतून शोधावा, त्याचा परवाना तपासावा, आणि त्याचे शुल्क व्यवहार झाला तरच देय असे ठेवू नये. लॅटिन अमेरिकेत आणि इतर अनेक देशांत नोटरी हा शासनाने नेमलेला जबाबदार अधिकारी असतो, तो दस्ताची वैधता पाहतो आणि कर कापून घेतो, पण तो खरेदीदाराचा वकील नसतो; भाव योग्य आहे का किंवा अट एकतर्फी आहे का हे सांगणे त्याचे काम नाही. करार दोन भाषांत असेल तर कोणत्या भाषेची प्रत ग्राह्य धरली जाईल हे कलम आधी वाचावे. बहुधा ती स्थानिक भाषेचीच असते, म्हणून शपथबद्ध भाषांतरकाराकडून तिचे भाषांतर स्वतः करून घ्यावे.

प्रत्यक्ष हजर राहता येत नसेल तर मुखत्यारपत्र द्यावे लागते, पण ते एका मालमत्तेपुरते, ठरावीक कृतींपुरते आणि ठरावीक मुदतीचे असावे. त्यात पैसे स्वीकारण्याचा आणि पुढे दुसऱ्याला अधिकार देण्याचा हक्क घालू नये. दोन्ही देश १९६१ च्या हेग अपोस्टिल कराराचे सदस्य असतील तर त्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचे सरकारी प्रमाणन, पुरते, अन्यथा वकिलातीकडून प्रमाणित करून घ्यावे लागते.

पैशांच्या मार्गाकडे लोक शेवटी लक्ष देतात, पण विक्रीच्या वेळी अडचण तिथेच येते. थायलंडमध्ये परदेशी नावाने सदनिका नोंदवायची तर रक्कम परकीय चलनात बाहेरून आल्याचा बँकेचा दाखला लागतो, आणि तोच दाखला पुढे विक्रीची रक्कम बाहेर नेताना उपयोगी पडतो. खरेदीदाराच्या स्वतःच्या देशाचेही नियम असतात. भारतात निवासी व्यक्तीला उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात २,५०,००० अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते, तर चीनमध्ये वार्षिक मर्यादा ५०,००० डॉलरची आहे आणि तिच्यातून परदेशात घर घेण्यास मनाई आहे. हप्त्यांचे वेळापत्रक या मर्यादांशी जुळते का, ते सही करण्याआधी पाहावे. अर्जेंटिनाने २०११ मध्ये परकीय चलनावर नियंत्रणे आणली आणि इजिप्तचे चलन २०१६ मध्ये काही आठवड्यांत जवळपास निम्म्यावर आले. त्यामुळे कराराचे चलन, विनिमय दराची तारीख आणि तोटा कोणी सोसायचा हे कलम स्पष्ट असावे.

दस्तात किंमत कमी दाखवू या, उरलेले रोख द्या, ही सूचना तर जवळजवळ प्रत्येक देशात कानावर येते. ती मान्य करू नये. करचुकवेगिरीत सहभाग होतो हे एक. शिवाय व्यवहार रद्द झाला तर परतावा दस्तातल्या आकड्याचाच मिळतो, आणि पुढे विकताना कागदावर नफा फुगून कर जास्त बसतो. विक्रेता वाचवतो तो कर शेवटी खरेदीदाराच्या माथी येतो.

घराबरोबर निवास परवाना किंवा नागरिकत्व मिळेल असे आश्वासन असेल तर ते विक्रीच्या करारापासून वेगळे तपासावे. तुर्कस्तानने जून २०२२ मध्ये नागरिकत्वासाठीची किमान रक्कम २,५०,००० वरून ४,००,००० डॉलर केली. ज्यांचे दस्त तोवर नोंदले गेले नव्हते त्यांची गणिते कोलमडली. परवाना न मिळाल्यास रक्कम परत, अशी अट विक्रेता लिहून देत नसेल तर त्या आश्वासनाला किमतीत स्थान देऊ नये.

वादाचे कलम लोक वाचत नाहीत. स्थावर मालमत्तेच्या मालकीचा निर्णय साधारणपणे ती जिथे आहे तिथलीच न्यायालये करतात, त्यामुळे करारात परदेशी न्यायालय लिहून फारसे साधत नाही. पैशांच्या दाव्यासाठी मात्र तटस्थ ठिकाणचा लवाद उपयोगी ठरतो, कारण तो निवाडा १९५८ च्या न्यूयॉर्क कराराच्या सदस्य देशांत बजावता येतो. विक्रेत्याची त्या देशांत मालमत्ता आहे का, हेही मग पाहावे लागते.

आठवड्याच्या मुदतीबद्दल सांगायचे तर, वर दिलेली तपासणी कोणत्याही देशात आठवड्यात होत नाही. विक्रेत्याला घर राखून ठेवायचे असेल तर लहानशी आरक्षण रक्कम द्यावी, ती आपल्या वकिलाच्या ग्राहक खात्यात किंवा एस्क्रोत ठेवावी, आणि टायटल निर्वेध नसल्यास, परदेशी नावाने नोंद होत नसल्यास किंवा परवाने अपुरे आढळल्यास ती पूर्ण परत मिळेल असे त्या कागदावर लिहून घ्यावे. तपासणीला किमान सहा ते आठ आठवडे मागावेत. नोंदणीच्या दिवशी, पैसे सुटण्याआधी, उतारा पुन्हा एकदा काढावा. पहिला उतारा आणि शेवटचा हप्ता यांच्या मधल्या काळात गहाण चढवता येते.

एक विषय खरेदीच्या उत्साहात हमखास राहून जातो, तो म्हणजे वारस. मालमत्ता जिथे आहे तिथलाच वारसाकायदा तिला लागू होण्याची शक्यता मोठी असते आणि काही देशांत मुलांचा किंवा इतर नातलगांचा हिस्सा मृत्युपत्रानेही डावलता येत नाही. थायलंडमध्ये भाडेपट्टा हा भाडेकरूचा वैयक्तिक हक्क मानला जातो. वारसांकडे तो जाईल असे करारात लिहिलेले नसेल तर भाडेकरूबरोबर तो संपतो. म्हणून त्या देशातल्या मालमत्तेपुरते स्वतंत्र मृत्युपत्र तिथल्याच पद्धतीने करावे आणि मायदेशातल्या मृत्युपत्राने ते चुकून रद्द होत नाही ना, हे दोन्हीकडच्या वकिलांना एकमेकांची मसुदाप्रत देऊन पाहून घ्यावे. मेक्सिकोच्या फिदेइकोमिसोत मूळ दस्तातच पर्यायी लाभार्थ्याचे नाव घालण्याची सोय असते, त्यामुळे त्या मालमत्तेसाठी न्यायालयाची पायरी चढावी लागत नाही. मात्र ते नाव सहीच्या दिवशी घालावे आणि लग्न, घटस्फोट किंवा मृत्यूनंतर बँकेला कळवून बदलून घ्यावे.